'टीबीच्या चार गोळ्यांऐवजी दोनच घ्या' या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजचा आशय असा: टीबीच्या चार गोळ्या एकदम घेतल्या की लिव्हर जातं, लघवी लाल झाली म्हणजे विष भिनलं, म्हणून दोनच गोळ्या घ्या, खोकला थांबला की बंद करा आणि लिव्हरसाठी काढा सुरू करा. यातली लिव्हरची भीती निराधार नाही. सुचवलेला उपाय मात्र घातक आहे.

'दोनच गोळ्या घ्या.' इथे मुळातच घोटाळा आहे. चार गोळ्या म्हणजे चार औषधं नव्हेत. सरकारी दवाखान्यातून पहिले दोन महिने मिळणाऱ्या प्रत्येक गोळीत चारही औषधं असतात: आयसोनियाझिड 75, रिफाम्पिसिन 150, पायराझिनामाइड 400 आणि इथॅम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम. गोळ्या किती, ते वजनावर ठरतं. मोठ्या माणसांसाठी 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 किलोला चार. म्हणजे 52 किलोच्या माणसाने दोन गोळ्या गाळल्या, तर त्याची दोन औषधं कमी होत नाहीत, चारही निम्म्यावर येतात. जंतूला औषधाची ओळख व्हावी पण त्याने मरू नये, याची ही पुरेपूर सोय झाली.

मग औषधं चारच का? फुफ्फुसात पोकळी झाली की तिथे जंतू दहा कोटींच्या घरात असू शकतात. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक आपोआप निपजतो. एकच औषध दिलं तर असे शंभरेक जंतू वाचतात आणि तेच वाढतात. ब्रिटनमध्ये 1948 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने रुग्ण आधी सुधारले, पण पुढे बहुतेकांचे जंतू त्या औषधाला पुरून उरले. आयसोनियाझिड आधीच निकामी असेल, तर रिफाम्पिसिन एकटं पडू नये म्हणून इथॅम्ब्युटॉल. सुस्त पडून राहिलेल्या जंतूंवर पायराझिनामाइड चालतं. त्याच्यामुळेच नऊ महिन्यांचा कोर्स सहावर आला.

'लिव्हर जातं.' आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिघांनाही लिव्हरचा त्रास करता येतो. भूक मरणं, सतत मळमळ, उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं यांतलं काही दिसलं तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्त तपासणीत एएलटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट आणि सोबत लक्षणं, किंवा लक्षणं नसतानाही पाचपट असेल, तर डॉक्टर औषधं थांबवतात आणि आकडे उतरले की एकेक करून पुन्हा सुरू करतात. यातलं कुठलं गाळायचं, हे घरी ठरवता येत नाही. दारू मात्र कोर्सभर पूर्ण बंद ठेवा.

लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात ते रिफाम्पिसिनच्या रंगाने. त्यात अपाय काही नाही. लघवी चहासारखी गडद आणि डोळे पिवळे असतील तर ती कावीळ. खरं लक्ष डोळ्यांकडे द्या: लाल-हिरवा रंग ओळखू येईनासा झाला किंवा धूसर दिसू लागलं, तर तो इथॅम्ब्युटॉलचा परिणाम असू शकतो, लगेच सांगा. पायांना मुंग्या येतात त्या आयसोनियाझिडमुळे, म्हणून सोबत पायरिडॉक्सिन (बी-6 जीवनसत्त्व) देतात.

'खोकला थांबला की बंद.' खोकला काही आठवड्यांतच कमी होतो, कारण झपाट्याने वाढणारे जंतू आधी मरतात. सुस्त जंतू उरलेले असतात. साधा कोर्स दोन अधिक चार महिन्यांचा. पुढच्या चार महिन्यांत पायराझिनामाइड नसतं.

काढ्यात नेमकं काय आहे ते कळत नाही. कावीळ झालीच तर ती कशाने झाली, हे शोधणं मग अवघड होतं.

गोळ्या सगळ्या एकदम, शक्यतो उपाशीपोटी घ्या. ॲसिडिटीचं औषध त्याच वेळी घेऊ नका. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, केंद्रावर सांगा. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या, वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर घटतो, त्यामुळे चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप्स पहिल्याच भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा.