शॉकअप हाताने दाबून चेक होत नाही
सध्या एक मेसेज फिरतोय, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून जुने शॉकअप (गाडीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणा, रॉड हाताने दाबा, आपोआप वर आला म्हणजे माल एकदम ओके, स्वस्तात सस्पेन्शन अपग्रेड. हे चुकीचं आहे आणि कुणीतरी गोत्यात येईल म्हणून लिहितोय.

रॉड वर येतो तो आतल्या गॅसच्या प्रेशरने, शॉकअपचं खरं काम म्हणजे स्प्रिंगची उसळी दाबणं आणि ते तेल न् व्हॉल्व्ह करतात, ते खलास झाले तरी थोडा गॅस शिल्लक असेल तर रॉड वर येणारच. उलट साधा ऑइलवाला शॉकअप चांगला असला तरी तो स्वतःहून वर येत नाही, म्हणजे या टेस्टमध्ये चांगला माल नापास आणि मेलेला पास! सीलजवळ बोट फिरवून बघा, तेलाची ओल किंवा रॉडच्या क्रोमवर बारीक खड्डे दिसले तर सोडून द्या, आणि नुसता ताजा काळा रंग बघून भुलू नका.

मग भंगारातलं काहीच घेऊ नये का, तर तसं नाही. स्टॅबिलायझर रॉड (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा), नकल (चाकाचा हब धरणारा भाग), लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) वाकलेले, गंजलेले नसतील तर बिनधास्त घ्या, पण बुश (सांध्यातले रबर) आणि बॉलजॉइंट (गोळीचा सांधा) नवेच टाका. स्प्रिंग जोडीनेच बदला, आणि डिझेल मॉडेलची पेट्रोलला लावू नका, डिझेल इंजिन जड असतं म्हणून ती स्प्रिंग कडक असते, पुढून गाडी उंच होते. काम झालं की त्याच दिवशी चाकांची अलाइनमेंट करून घ्या.