पोपचं नाव, पण गावकऱ्यांची वाइन

शातोनफ द्यु पाप या फ्रेंच वाइनवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं 'पोपच्या काळापासून याच नावानं ही वाइन विकली जाते' हे वाक्य खटकलं. १३०९ पासून पोप आजच्या फ्रान्समधल्या आविन्यों शहरात राहत होते हे खरं. त्यांच्यातले पोप जॉन बाविसावे यांनी जवळच्या टेकडीवर किल्ला बांधला, द्राक्षमळेही वाढवले. पण गावाचं नाव तेव्हा शातोनफ कालसेर्निए होतं, तिथल्या चुनखडीवरून पडलेलं. 'शातोनफ द्यु पाप', म्हणजे पोपचा नवा किल्ला, हे अधिकृत नाव १८९३ चं!

आणि पोपइतकंच श्रेय तिथलेच एक वाइन उत्पादक बॅरन ल रुआ यांना द्यायला हवं होतं. या नावावर भलतीच वाइन खपवली जाऊ लागली तेव्हा ते उत्पादकांच्या बाजूनं उभे राहिले. द्राक्षं कुठली, मळा कुठला, अल्कोहोल किमान किती (१२.५ टक्के), सगळ्याचे नियम त्यांनी १९२३ मध्ये घालून दिले. १९३६ मध्ये फ्रान्सनं संरक्षण दिलेल्या पहिल्या नावांत हे नाव आलं, ते त्या धडपडीमुळे. बाटलीवर उठावात कोरलेला पोपचा मुकुट आणि चाव्या सगळ्यांना दिसतात, म्हणून हा माणूस मागे राहतो याचं मला फार वाईट वाटतं. लेखात त्यांच्याबद्दल दोन ओळी तरी घालाच.