स्वार्थी गाडी ओळखायची कशी?
गाड्यांनी रेडिओ संदेशांतून एकमेकींना पुढच्या धोक्याची खबर द्यायची, या यंत्रणेवरच्या लेखातलं "जी गाडी दुसऱ्याचा संदेश पुढे पाठवत नाही तिचे गुण कापा, सहकार्य वाढेल" हे म्हणणं पटलं नाही. मी रोज ठाण्यात कासारवडवलीहून माजिवड्याला जातो. घोडबंदर रोडवर कोंडी झाली की काहीशे मीटरच्या टप्प्यात शेकडो गाड्या एकाच चॅनेलवर बोलणार, संदेश एकमेकांवर आदळून हरवणारच. शेजारच्या गाडीने पुढे पाठवलेला संदेश आपल्याला ऐकू आला नाही, म्हणून ती स्वार्थी ठरणार का? 'वॉचडॉग' पद्धत (शेजाऱ्याने संदेश पुढे पाठवला की नाही, हे ऐकून पाळत ठेवण्याची) सुचवणाऱ्यांनी ही अडचण २००० सालीच मांडली होती.

रात्री गायमुख घाटात मात्र गाड्या मोजक्या. तिथे एकीनेही संदेश अडवला, तर वळणापलीकडे बंद पडलेल्या ट्रकची खबर मागे पोचत नाही. संदेश पुढे पाठवल्याचं बक्षीस द्यायचंच तर अशा ठिकाणी जास्त द्या.