रिकामा डबा द्यायचा नसतो

पावसाळ्यात आई घसरून पडली आणि उजवा हात मनगटात मोडला. वय ७४, सहा आठवडे प्लॅस्टर. शेजारच्या काकू रोज सकाळी पोळ्यांचा डबा आणून द्यायच्या. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर आई डाव्या हातानं कुंडीतल्या कढीपत्त्याची डहाळी ओढत होती. सगळं झाड हलत होतं, डहाळी काही तुटत नव्हती. मी पुढे झालो तर म्हणाली, "राहू दे, मी काढते." मग ती डहाळी धुऊन तिनं काकूंच्या डब्यात ठेवली. "जा, देऊन ये. रिकामा द्यायचा नसतो."

तेव्हापासून ‘स्वावलंबन’ हा शब्द डोक्यातून जात नाही.

स्वावलंबी, स्वयंपूर्ण, आत्मनिर्भर हे शब्द आपण एका दमात म्हणून टाकतो. ‘अवलंब’ म्हणजे आधार, टेकू. जो स्वतःच स्वतःचा टेकू, तो स्वावलंबी. स्वयंपूर्ण म्हणजे लागेल ते सगळं आपल्याच घरात. देश अन्नधान्यात स्वयंपूर्ण होऊ शकतो, माणूस मात्र कधीच नाही. आणि ‘आत्मनिर्भर’ मे २०२० नंतर घरोघरी पोचला तो हिंदीतून. हिंदीत निर्भर म्हणजे अवलंबून. संस्कृतात मात्र निर्भर म्हणजे काठोकाठ भरलेला. मराठीत आपण ‘आनंदनिर्भर’ म्हणतो ते याच अर्थानं. त्यामुळे आत्मनिर्भर म्हटलं की माझ्या कानाला ‘स्वतःनंच भरलेला माणूस’ ऐकू येतो. (इथं राजकारण नको, मी फक्त शब्दाबद्दल बोलतोय.)

आई यातला एकही शब्द वापरत नाही. तिचा शब्द ‘मिंधं’. कुणाचं मिंधं राहायचं नाही, एवढंच तिचं तत्त्वज्ञान. मदत घेतली की माणूस मिंधा होतो असं तिला वाटत नाही. परतफेडीची वाटच उरली नाही की होतो.

हे तिच्यात शेतीतून आलंय. माझ्या आजोळी खुरपणीला सावड असायची. आज चौघीजणी आपल्या रानात आल्या, की आपणही त्या प्रत्येकीच्या रानात एकेक दिवस जायचं. पैशाचा व्यवहार नाही, पण हिशेब चोख. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी जोडी लावून औत हाकायचा. यातल्या कुणाला परावलंबी म्हणायची कुणाची छाती होती?

माझे वडील रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं संस्था काढली, ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तिचं ब्रीदवाक्य. शिक्षणासाठी मुलांनी अंगमेहनत करायची, ही रीत. पण सुरुवातीच्या काळात मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी स्वतःचं मंगळसूत्र मोडलं, हेही तितकंच खरं. स्वावलंबनाचं एवढं मोठं काम एका बाईच्या गळ्यातल्या सोन्यावर तगलं. वडील म्हणायचे, "आम्ही दुसऱ्याचं खाल्लं, पण राबून खाल्लं. म्हणून मान ताठ राहिली."

म्हणून आजाऱ्याला, एकट्या पडलेल्या बाईला, अपंग माणसाला कुणी "स्वावलंबी व्हा" असा उपदेश करून दार लावून घेतलं, की माझं रक्त खवळतं. आणि दुसरी चूक मी स्वतः करत होतो. प्लॅस्टर असताना मी परस्पर स्वयंपाकाला बाई ठरवली. दोन दिवस आई माझ्याशी धड बोलली नाही. मला वाटलं, पैशांवरून. तिला लागलं होतं ते वेगळंच: काकूंच्या डब्याला ती कढीपत्ता देऊ शकत होती, माझ्या पैशांना काय देणार? मुलाकडूनही तिला मिंधं व्हायचं नव्हतं. मी त्या बाईंना महिन्याचे पैसे देऊन नको म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी आईसमोर बसून, ती सांगेल तशी कणीक मळली. मीठ किती, पाणी कधी, सगळं तिच्या हुकमानं.

आता प्लॅस्टर निघालंय. काकू मुलीकडे गेल्यात आणि त्यांच्या घराची किल्ली आमच्या खिळ्यावर आहे. रोज सकाळी आई त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायला जाते. मनगट अजून दुखतं, म्हणून अर्धाच तांब्या भरते आणि चार खेपा करते.