जिब्लीच्या सिनेमातले ‘भीतीदायक’ सीन पळवू नका

पालकांच्या ग्रुपवर हल्ली एक प्रश्न सारखा येतो: स्टुडिओ जिब्ली या जपानी स्टुडिओचे अ‍ॅनिमेशन सिनेमे मुलांना दाखवायचेत, पण कोणता सीन पुढे पळवू? माझं ठाम उत्तर आहे, एकही नाही.

‘माय नेबर तोतोरो’ घ्या. सगळे त्याला गोड म्हणतात आणि तो आहेच. पण त्यात चार वर्षांची मेई हरवते. तळ्यात एक चिमुकली चप्पल सापडलेली असते. गावकरी लांब काठ्यांनी पाणी ढवळतायत, शेजारची आजी ती चप्पल हातात घट्ट धरून प्रार्थना पुटपुटतेय. मोठी बहीण सात्सुकी धापा टाकत येते, बघते आणि म्हणते, “ही मेईची नाही.” तोवर माझा जीव टांगणीला लागलेला असतो, दर वेळी.

या सिनेमात खलनायक कोणीच नाही. आई दवाखान्यात आहे, तिचं घरी येणं लांबलंय, एवढंच. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या स्वतःच्या आईला मणक्याचा क्षय होता, त्यांच्या लहानपणी ती कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. आई गेली तर काय, हे सात्सुकीचं रडणं म्हणूनच इतकं खरं वाटतं. आणि त्यातली ती मांजर-बस, म्हणजे मांजराच्या रूपातली जादूची बस, नीट बघा! कानापर्यंत फाटलेलं हसू, दिव्यांसारखे जळते डोळे, बारा पाय. आत शिरलं की मात्र मऊ, उबदार, केसाळ बाकं. भीती आणि माया एकाच अंगात.

‘स्पिरिटेड अवे’मध्ये (2001) आईबाबांची डुकरं होतात तेव्हा छोटी नायिका चिहिरो घाबरते, पळते. पण ती हमसून रडते ते तिला मदत करणाऱ्या हाकू या मुलाने दिलेला भाताचा गोळा खाताना. कुणीतरी मायेने खायला घातल्यावरच बांध फुटतो. आधीची दहशत कापलीत तर त्या घासाला काय अर्थ उरतो?

एकच अपवाद करेन. 16 एप्रिल 1988 ला जपानमध्ये ‘तोतोरो’ आणि जिब्लीचेच दुसरे दिग्दर्शक इसाओ ताकाहातांचा दुसऱ्या महायुद्धावरचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ एकाच तिकिटावर लागले होते. ‘फायरफ्लाइज’मधली सेत्सुकोही चारच वर्षांची, आणि ती उपासमारीने जाते. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते, त्यामुळे त्यांनी कुठेही हात आखडता घेतलेला नाही. तो सिनेमा मुलं चांगली मोठी झाल्यावरच दाखवा, आणि त्याआधी तुम्ही एकट्याने बघा.