‘थ्री-नॉट-थ्री’चं लाकूड तासू नका

लष्करातून बाद झालेल्या जुन्या ली-एनफिल्ड, म्हणजेच ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलींबद्दल एक सल्ला सध्या फिरतोय: पुढचं लाकूड आतून तासून नळी मोकळी सोडा, नेम सुधारतो. आजच्या जाड नळीच्या रायफलींना हे लागू पडतं. ली-एनफिल्डला सहसा नाही, उलट नुकसानच होतं.

तिची नळी बारीक आहे आणि लाकडाचा आधार गृहीत धरूनच ती बेतलेली आहे. नंबर १ मार्क ३ या मॉडेलमध्ये (पश्चिम बंगालमधल्या इछापूरच्या कारखान्यात बनली ती हीच) पुढच्या लाकडात स्प्रिंगवर बसवलेली छोटी खुंटी नळीला खालून वर रेटते. नंबर ४ या मॉडेलमध्ये नळीच्या तोंडाजवळ लाकूडच काही पौंडांचा दाब देतं. हा दाब गेला की गोळ्या विखुरतात. एकदा तासलेलं लाकूड परत येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

खरी दुखणी बहुधा साधी असतात. लाकूड वाळून आकसतं आणि चापाच्या पुढचा मुख्य स्क्रू ढिला पडतो. आधी तो पाहा. साफसफाईच्या दोरीने नळीचं तोंड झिजलेलं असतं. आणि गोळी .३०८ इंचाची नव्हे, .३११ किंवा .३१२ व्यासाची लागते. नाव ‘.३०३’ असलं तरी!

मार्क ३ चा दस्ता (खांद्याला टेकवायचं मागचं लाकूड) डुगडुगत असेल, तर पुढचं लाकूड काढल्याशिवाय दस्ता धरून ठेवणारा बोल्ट फिरवू नका. बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाला चिरतं.