खोकं खोकं हातानं उचलणं थांबायला हवं

पॅलेट म्हणजे माल रचायची फळ्यांची बैठक. ती मालासकट उलटवणाऱ्या यंत्रावरच्या तुमच्या लेखात तुटलेलं पॅलेट बदलणं एवढंच कारण दिलंय. निर्यातीचं कारणही तितकंच मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धात फोर्कलिफ्ट (पॅलेट उचलणारी गाडी) आणि पॅलेट सगळीकडे पोचली, पण रचलेला माल दुसऱ्या पॅलेटवर घ्यायचा तर काम हातानंच. हे यंत्र माल वरखाली दाबून धरतं, १८० अंशांत फिरवतं. वर आलेलं जुनं पॅलेट काढायचं, नवं ठेवायचं, परत फिरवायचं. २००२ पासूनच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार निर्यातीच्या पॅलेटचं लाकूड कीड मरावी म्हणून गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवणं किंवा तत्सम प्रक्रिया आली, म्हणजे साध्या पॅलेटवरचा माल अशा पॅलेटवर घ्यायची अदलाबदल वाढलीच. आमच्या रत्नागिरीत गोठवलेल्या मासळीची खोकी शीतगृहात हातानं हलवणाऱ्या पोरांची बोटं बधिर होतात. तिथं हे यंत्र आधी यावं. हापूसच्या पेट्या मात्र त्यात घालू नका, फळ चेंगरेल.